जॅझ ऐकायचंय म्हणणाऱ्याला पहिलाच 'काइंड ऑफ ब्लू' कशाला?

चौथी_सीट

ऑफिसात कोणी म्हणालं, "जॅझ, फंक असलं काहीतरी सुचव ना, ऐकून बघतो," की जाणकार मंडळी एकच नाव पुढे करतात. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस, 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. अल्बम थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नवख्याला पहिला तोच द्यायचा, हे मला साफ नामंजूर.

होतं काय, की माणूस तो विरार फास्टमध्ये कानात घालतो. जिमी कॉबची झांजेवरची हलकी काठी, पॉल चेंबर्सचा बेस, सगळं खडखडाटात वाहून जातं. उरतं मधूनच ऐकू येणारं ट्रम्पेट. दुसऱ्या दिवशी तो सांगतो, "छान आहे रे, हॉटेलच्या लॉबीत लावतात तसं." झालं. परत तो त्या वाटेला फिरकत नाही.

माझं म्हणणं, फंककडून, म्हणजे ठेक्यावर नाचायला लावणाऱ्या संगीताकडून आत शिरा. पियानोवादक हर्बी हॅन्कॉकचा 'हेड हंटर्स', १९७३. चारच रचना. पहिली 'कमीलियन' पावणेसोळा मिनिटांच्या आसपास आहे, पण घाबरू नका. सुरुवातीला नुसती बेसची ओळ. ती हर्बीनं सिंथेसायझरवर वाजवलीय आणि एकदा डोक्यात बसली की दिवसभर निघत नाही. मग तिच्यावर ड्रम्स येतात, मग एक गिटारसारखी टकटक (गिटार नाही बरं का ती, त्या अल्बमात गिटारवादकच नाही), आणि सॅक्सोफोन येईपर्यंत ऐकणारा मान डोलावायला लागलेला असतो. पुढचे लांबलचक सोलो म्हणजे चक्क जॅझ आहे, हे त्याला सांगायचीही गरज नाही.

त्याच अल्बमात 'वॉटरमेलन मॅन' आहे. सुरुवातीला फुंकर मारल्यासारखे आवाज येतात ना, तो बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकतोय. मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांच्या वादनावरून घेतलेली युक्ती. आणि हीच रचना हर्बीनं १९६२ मध्ये 'टेकिन ऑफ' या आपल्या पहिल्या अल्बमात सरळ जॅझच्या बाजात वाजवली होती. दोन्ही लागोपाठ लावा. जॅझ आणि फंक यांचं नातं काय, यावर लेक्चर झोडायची वेळ येणार नाही.

आणि एक. लालबाग-परळात वाढलेल्या माणसाला फंक शिकवावा लागत नाही. बेंजो पार्टीमागे चालतच तो मोठा झालेला असतो.

मंद्रसप्तक

असहमत. विरार फास्टमध्ये ऐकू आलं नाही, हा अल्बमचा दोष कसा काय? उद्या किशोरीताईंचा भूप दारात लटकून ऐकाल आणि म्हणाल, मजा नाही आली.

उलट आपल्याकडच्या श्रोत्याला 'काइंड ऑफ ब्लू' सगळ्यात जवळचा. त्याआधीच्या बीबॉप या जॅझच्या प्रकारात कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वर) इतक्या भराभर बदलतात की नवख्याला कुठे पाय टेकवायचा ते कळत नाही. या अल्बमातल्या 'सो व्हॉट'मध्ये सोळा बार (चार मात्रांचा एक बार) एकच स्वरसमूह. गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे काय झालं? आपला काफी थाट! रात्री घरी, पंखा बंद करून (मुंबईत हे अवघड, मान्य) ती सुरुवात ऐका. बेस एक वाक्य बोलतो, पियानो दोन कॉर्ड्समध्ये उत्तर देतो. नंतर तेच उत्तर ट्रम्पेट आणि दोन सॅक्सोफोन देतात. मग माइल्सचा सोलो. एकेक स्वर मोजून ठेवलेला, मधे भरपूर मोकळी जागा. आलापीची सवय असलेल्या कानाला यात परकं असं काय आहे?

आणि हे सगळं दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालं. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. वादकांच्या हातात जेमतेम आराखडे होते.

तिहाई

मंद्रसप्तक, काफी थाट ठीक, पण पुढचं सोयीस्कर गाळलंत. सोळा बार झाले की अख्खा स्वरसमूह अर्ध्या स्वराने वर सरकतो, आठ बार तिथे राहतो आणि परत खाली येतो. म्हणजे सा-च हलतो! तानपुऱ्यावर वाढलेल्या माणसाला नेमका तिथेच झटका बसतो. मी तबला वाजवतो, आमच्या क्लासमधल्या गाणाऱ्या मंडळींना ऐकवून पाहिलंय, त्या जागी प्रत्येकाची भुवई वर जाते.

लयीच्या बाजूने मी चौथी_सीटकडे. फंकचा गायक जेम्स ब्राउन, त्याच्या आधी पॉप गाण्यांत जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असायचा. त्यानं सगळ्या बॅन्डला पहिल्या ठोक्यावर आणून आपटलं. 'द वन' म्हणायचे ते त्याला. मधे कोणी काहीही करा, पहिल्यावर सगळे एकत्र. आता आपल्या माणसाला सम समजावून सांगायची का?

पण माझी शिफारस तिसरीच. पियानोवादक डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट', तोही १९५९ चाच. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांत, तीन-दोन. 'ब्लू रॉन्डो' नऊत, पण २-२-२-३ असं तोडलेलं. ते टाळी धरत ऐकायला बसा, अर्धा तास कुठे गेला कळत नाही. हा माणूस त्याच्या आदल्याच वर्षी दौऱ्यावर मुंबईत येऊन उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्या सतारीबरोबर वाजवून गेला होता.

साहेब_नमस्कार

फंक म्हणजे नाचायचं संगीत. जॅझच्या धाग्यात ते कशाला घुसवताय? उद्या झिंगाटही सुचवाल.

गिरगावकरीण

साहेब, जॅझ मग काय मांडी घालून ऐकायला जन्माला आलं होतं? १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा बॅन्ड ताजमहाल हॉटेलात यायचा तो लोकांना नाचवायलाच. त्या बॅन्डवाल्यांचं ऐकून आपले गोव्याचे वादक तयार झाले, तेच पुढे फिल्मी ऑर्केस्ट्रात बसले.

आणि तुम्ही तिघंही न्यूयॉर्कातच का फिरताय? नवख्याला आधी 'अलबेला' ऐकवा, १९५१. सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या पुणतांब्याचा माणूस. त्यांच्या सोबतीला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, ज्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. चित्रपटात त्याचा बॅन्ड पडद्यावरही आहे. त्यातलं 'शोला जो भडके' घराघरांत पाठ आहे. त्यातलं ट्रम्पेट दाखवा आणि म्हणा, हा आवाज जिथून आला तिकडे जाऊ या. ओळखीच्या दारातून आत नेलं की पाहुणा बुजत नाही.

चौथी_सीट

गिरगावकरीणताई, आवडलं, पण पटलं नाही. 'शोला जो भडके' आवडणारे कोट्यवधी आहेत. त्यातले जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनपर्यंत किती पोचले? तिथे ट्रम्पेट गाण्याच्या सेवेला आहे. दोन ओळींच्या मधे चार फुंकरा आणि पुन्हा मुखडा. वादक आपल्या मनाने पाच मिनिटं भटकून येतो, ही जॅझची खरी गंमत तिथे कुठाय? तो इतिहास झाला, दार नाही झालं.

साहेब_नमस्कार, झिंगाटवर पैज लावू नका, हराल.

गिरगावकरीण

दार नाही म्हणे! १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला तेव्हा धोबी तलावच्या रंगभवनात सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सला ऐकायला कोण गेलं होतं असं वाटतं तुम्हाला? सगळे काय जॅझचा क्लास लावून आले होते? आमच्या वाडीतले लोक गेले होते, ज्यांचा कान रेडिओवरच तयार झालेला.

मंद्रसप्तक

बेसचा मुद्दा राहिलाच. 'हेड हंटर्स' मोबाइलच्या स्पीकरवर लावलात तर ती जगप्रसिद्ध बेसची ओळ निम्मी गायब. म्हणजे गाडीत माझा अल्बम मरतो, मोबाइलच्या स्पीकरवर तुमचा. हिशेब चुकता.

नवा_भिडू

नमस्कार. ज्याच्यावरून हे चाललंय तो "ऑफिसातला कोणी" मीच. चौथी_सीटने लिंक पाठवली.

सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं. 'कमीलियन'ची सुरुवात जबरदस्त, पण पुढे तो सिंथेसायझर किंचाळायला लागतो तिथे बंद केलं. 'सो व्हॉट' झोपताना लावलं, झोपलो (चांगल्या अर्थाने). 'टेक फाइव्ह' आवडलं, पण पाच मोजण्याच्या नादात सॅक्सोफोन ऐकायचाच राहिला. तिहाईदादा, तुमच्यामुळे.

मग यूट्यूबने आपणहून एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग लावलं. 'एला अँड लुई', १९५६. ते अख्खं ऐकलं. परत ऐकलं. एक प्रश्न आहे, शब्द असलेलं जॅझ चालतं का? कारण तुम्ही कोणीच सुचवलं नाही.

तिहाई

चालतं काय, धावतं.

साहेब_नमस्कार

बघा. शेवटी गाणंच लागतं माणसाला.

मंद्रसप्तक

भिडू, उत्तम. आता तोच अल्बम पुन्हा लाव आणि या वेळी गाणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो आणि रे ब्राउनचा बेस आहे. एलाची ओळ संपते तिथे पीटरसन काय भरतो तेवढंच ऐक. मग लुईचं ट्रम्पेट. तो गातो तसाच वाजवतो, श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्याच. त्यानंतर 'सो व्हॉट'कडे ये, बसल्या बसल्या, आडवं न पडता.

चौथी_सीट

हा मंद्रसप्तक काकांचा कट आहे, फिरवून फिरवून 'काइंड ऑफ ब्लू'वरच आणणार. भिडू, 'कमीलियन' चुकीच्या जागी बंद केलंस. तो किंचाळणारा भाग निम्म्याच्या आधीच संपतो. मग अख्खी चालच बदलते, बेस मऊ होतो आणि इलेक्ट्रिक पियानो सुरू होतो. जॅझ म्हणून मी जे म्हणतोय ते तिथे आहे. थेट मधून लावलंस तरी चालेल.

आणि शब्दच हवेत तर फंकमध्ये कमी आहेत होय? पार्लमेंट या फंक बॅन्डचा 'मदरशिप कनेक्शन' घे, १९७५. बूट्सी कॉलिन्सचा बेस. हेडफोनवर.

तिहाई

जेम्स ब्राउनकडे वळलास तर त्या काळातले सुटे अल्बम धुंडाळत बसू नकोस. एक गाणं झकास, पुढची दोन भरतीची, असा मामला असतो. 'इन द जंगल ग्रूव्ह' हे १९८६ चं संकलन घे. त्यात 'फंकी ड्रमर' आहे. शेवटाकडे सगळे वादक थांबतात आणि ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड एकटाच वाजवतो. तेवढ्या तुकड्यावर पुढे हिप-हॉपवाल्यांनी किती गाणी उभी केली त्याला गणती नाही. आणि हो, तिथे मोजायचं नाही.