३०२ ची छोटी भरती आहे, दादाला फोन करू नका

(नागपूरच्या मनीषनगरातल्या एका सोसायटीचा ग्रुप, डिसेंबर)

३०१ वहिनी, सकाळी ६:४०
पहाटे गाडीचा आवाज ऐकून ज्यांच्या खिडक्या उघडल्या, त्यांच्यासाठी सांगते. ३०२ च्या छोटीला धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं आहे. श्वास घ्यायला त्रास होत होता. मुलांच्या आयसीयूत आहे, ऑक्सिजन लावला आहे. तिची आई आणि दादा (तिचे बाबा) दोघंही तिथंच. मोठा मुलगा माझ्याकडे झोपला आहे. दादाला फोन करू नका, मला जे कळेल ते मी इथंच टाकत जाईन.

१०१ काकाजी, ६:४४
अरे बाप रे. अडीच महिन्यांचं लेकरू!

१०१ काकाजी, ६:४५
दादाला फोन लावून राहिलो, उचलून नाही राहिला.

३०१ वहिनी, ६:४६
काकाजी, वरचा मेसेज वाचा ना 🙏

२०१ काकू, ७:०५
परवाच पाहिलं होतं मी तिला. छान हसत होती. नजर लागली कोणाची तरी. आणि बाळाला ओवा-कापराची पुरचुंडी उशाशी ठेवायची असते, आजकालच्या मुली ऐकतच नाहीत.

४०४ सिस्टर, ७:२०
नाइट करून आत्ता घरी आली, म्हणून उशिरा लिहून राहिली. काकू, दृष्ट काढायची तर नंतर हजारदा काढा. पण कापूर तान्ह्या बाळाजवळ नको. चोळायचाही नाही, हुंगवायचाही नाही. लेकरांना त्याचा विषार होतो. बाम नको, ओव्याची धुरीही नको. आधीच सुजलेल्या श्वासनळ्यांत धूर गेला तर त्रास वाढतोच.

४०४ सिस्टर, ७:२६
दादाशी बोलणं झालं. ब्रॉन्किओलायटिस म्हणून राहिले डॉक्टर. विषाणूमुळे फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या सुजतात, चिकट कफाने भरतात. मोठ्यांना त्याच विषाणूने नुसतं नाक गळतं. एवढ्या लहान बाळाच्या नळ्या मुळातच बारीक, त्यात थोडी सूज आली तरी हवा अडते. थंडीत आमच्या वॉर्डात याच पोरांची रांग असते.

५०२ भाऊ, ७:३१
अँटिबायोटिक सुरू केलं असेल ना? माझ्या भाच्याला केलं होतं.

४०४ सिस्टर, ७:३८
विषाणूवर त्याचा उपयोग नाही भाऊ. सोबत दुसरं इन्फेक्शन दिसलं तर देतात. इथे खरा इलाज म्हणजे ऑक्सिजन, नाक मोकळं ठेवणं आणि पोटात दूध जात राहणं. बाकी काम बाळाचं शरीर करतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत त्रास वाढतो, मग उतरतो. आज तिचा तिसरा आहे. म्हणजे उद्या जास्त वाटलं तर कोणी घाबरून इथे रडके चेहरे टाकू नका, दादाही हा ग्रुप वाचतो.

१०४ ताई, ७:५०
सिस्टर, माझी पाच महिन्यांची आहे. तिलाही सर्दी आहे. मी काय पाहू?

४०४ सिस्टर, ८:०२
कपडे वर करून पोट-छाती पाहा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हत असेल तर थांबायचं नाही. झोपलेली असताना मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त म्हणजे दवाखाना. दूध निम्म्यावर आलं, लंगोट बराच वेळ कोरडा राहिला, तरी दवाखाना. ओठ निळसर दिसले किंवा मध्येच श्वास थांबला तर १०८ लावा. आणि ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० च्या वर ताप आला, तर घरी औषध देऊन वाट पाहू नका.

१०४ ताई, ८:१५
मोजला. ३८. दूध पिते आहे. जीव भांड्यात पडला.

१०१ काकाजी, ९:३०
मी आणि वर्माजी ११ च्या भेटीच्या वेळेला जाऊन येतो. सोसायटीतर्फे कोणीतरी गेलं पाहिजे. बरं दिसत नाही.

४०४ सिस्टर, ९:३३
काकाजी, तुम्हाला चार दिवसांपासून खोकला आहे ना?

१०१ काकाजी, ९:३४
तो धुळीचा आहे.

सचिव, ९:४०
काकाजी, आत फक्त आईला सोडून राहिले. तुम्ही खाली पार्किंग शोधत बसाल, आणि धंतोलीत ते कधी मिळालंय कोणाला? त्यात अधिवेशन सुरू आहे, वर्धा रोडवर साहेबांच्या गाड्या जाईपर्यंत उभं राहावं लागतं. ज्याला डबा न्यायचा त्याने जयप्रकाशनगरहून मेट्रोने काँग्रेसनगरला उतरावं.

५०२ भाऊ, ९:४८
डबा मी नेतो, माझं ऑफिस तिकडेच आहे. कोण बनवून राहिलं तेवढं सांगा.

३०१ वहिनी, ९:५५
दुपारचा मी, रात्रीचा १०४ ताई. साधं ठेवा. मुगाची खिचडी, भाकरी, लाल भोपळा, सोबत मेथीचा लाडू. ५०२ वहिनींनी पाटवडी-रस्सा विचारला आहे. बाई, तो रस्सा दादाला द्या, तिला नको. ती रात्रभर लाकडी बाकड्यावर बसून आहे. एक पातळ ब्लँकेट, चार्जर, पायमोजे आणि बाळाची अंगडी मी पिशवीत भरून ठेवली आहेत.

२०१ काकू, १२:१०
मोठ्याला नर्सरीतून सर्दी आली होती ना? तो दिवसभर तिचे पापे घेत होता. मी सकाळी त्याला म्हटलंसुद्धा, बघ रे, तुझ्यामुळे छोटी आजारी पडली.

३०१ वहिनी, १२:१४
काकू, ते तुम्ही म्हणालात? आता समजलं. सकाळपासून पोरगं तोंडावर हात धरून फिरून राहिलं. पोहे दिले तर हात काढेना. विचारलं तर म्हणे, माझ्या तोंडात किडे आहेत.

(हा मेसेज हटवला आहे)

४०४ सिस्टर, १२:३०
असल्या गोष्टी चार वर्षांच्या पोराला सांगतात का? विषाणू खोकल्यातून येतो, न धुतलेल्या हातातून येतो, भाजीवाल्याकडून येतो, तुमच्या-माझ्याकडूनही येतो. कोणाकडून आला हे आयसीयूतल्या डॉक्टरलाही सांगता येणार नाही. पोराला एवढंच सांगा की छोटीला खोकला झाला आणि डॉक्टर तिला बरं करून राहिले. त्याला एखादं काम द्या.

२०१ काकू, १२:५२
बरं. मी येते वरती. त्याला संत्रा बर्फी आवडते.

३०१ वहिनी, १:४०
काकूंनी त्याला मांडीवर घेऊन सांगितलं की आजी चुकीचं बोलली. बर्फी खाल्ली. हात सुटला तोंडावरचा. आता छोटीसाठी चित्र काढून राहिला, डब्यासोबत जाईल.

३०२ दादा, दुपारी ३:२५
सगळ्यांचे मेसेज वाचले. उत्तर देत नाही म्हणून रागावू नका. नाकात वारा जोरात सोडणारी नळी लावली आहे, तिच्यामुळे श्वास थोडा सैल झाला. हाताला सलाईनची सुई निघू नये म्हणून पुठ्ठ्याची पट्टी बांधली आहे. पट्टी तिच्या कोपरापर्यंत येते. तोंडाने दूध बंद आहे, श्वास एवढा जोरात असताना ठसका लागेल म्हणाले. नाकातून पोटात नळी आहे. ही बाहेर बसून दूध काढते, इथल्या सिस्टर ते सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओततात आणि हात उंच धरून उभ्या राहतात. दूध आपोआप उतरतं, दाबायचं नसतं. मघाशी आईला धरू दिलं. हिने धरलं आणि पहिल्यांदा काहीतरी बोलली. "दुधाची तार तुटू देऊ नको" असं मला म्हणाली, आणि सिरिंज तर हिच्याच हातात होती.

३०२ दादा, ३:३१
५०२ भाऊ, वेळ असेल तर विम्याचं काम आहे. केस पेपरवर नावाच्या जागी "बेबी ऑफ" आणि हिचं नाव लिहिलं आहे, जन्मदाखला अजून हातात नाही. कॅशलेसवाले विचारून राहिले.

५०२ भाऊ, ३:४५
पॉलिसी घरची की कंपनीची? पुष्कळ घरगुती पॉलिसीत बाळ ९० दिवसांनंतर धरतात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून असतं, पण एचआरकडे नाव कळवावं लागतं. आजच मेल टाका, मी मजकूर पाठवतो. बारसं व्हायचं असेल तरी बाळाला पॉलिसीत चढवता येतं.

सचिव, ४:०५
घरकामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेलाही लहान बाळ आहे म्हणून सगळ्यांसाठी टाकतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा इलाज, औषध, तपासण्या, नेणं-आणणं हे एक वर्षापर्यंत मोफत आहे. मेडिकल, मेयो, डागा सगळे सरकारीच. त्यांना सांगून ठेवा. पैशाला घाबरून लोक घरी थांबतात.

१०४ ताई, रात्री ८:५०
डबा पोचला. चित्रही. छोटीच्या आईने ते आयसीयूच्या दाराला चिकटवायचं म्हटलं, तिथल्या सिस्टरने नाही म्हटलं. मग तिने दुधाच्या डब्याच्या पिशवीवर लावलं.

(तीन दिवसांनी)

३०१ वहिनी, सकाळी १०:१५
रात्रीतून ऑक्सिजन काढला! तोंडाने दूध घेतलं. आज वॉर्डात, सगळं नीट राहिलं तर परवा सुट्टी.

१०१ काकाजी, १०:१६
गणपती बाप्पा मोरया! गेटवर हार आणि ढोल सांगतो.

४०४ सिस्टर, १०:२०
काकाजी, ढोल नको. खोकला दोन-तीन आठवडे राहील, त्यावरूनही कोणी घाबरवू नका. पंधरा दिवस कोणी घरात जायचं नाही, पापे तर नाहीच. आणि चौकीदार ३०२ च्या बेडरूमखालीच रात्री पालापाचोळा, टायरचे तुकडे पेटवून शेकत बसतो. तो धूर सरळ वर जातो.

सचिव, १०:२८
शेकोटी आजपासून बंद. पण माणूस थंडीत बसून राहतो, त्याला काहीतरी द्यावं लागेल. केबिनमध्ये हीटर लावू का? देखभाल खात्यातून.

२०४ भाऊ, १०:३३
लाइट बिल कोणाच्या मीटरवर येईल?

सचिव, १०:३४
कॉमन.

२०४ भाऊ, १०:३४
मग मीटिंगमध्ये घ्या.

२०१ काकू, १०:३६
मीटिंग होईपर्यंत थंडी जाईल. माझ्याकडे जुना हीटर पडला आहे, ५०२ भाऊ, संध्याकाळी येऊन उचलून ने.