मदत हवी आहे: कॉर्टेक्समधला (मेंदूच्या बाह्य थरातला) अवरोध, म्हणजे एका पेशीने दुसरीचा संकेत दाबणे, वजाबाकी करतो की भागाकार?

राजवाड्यामागे (इंदूर): येत्या रविवारी रामबागेत डोळा आणि मेंदू या विषयावर मला बोलायचे असून एका आकृतीपाशी गाडी अडली आहे. पार्व्हअल्ब्युमिन पेशी संकेताला भागतात आणि सोमॅटोस्टॅटिन पेशी त्यातून वजा करतात (दोन्ही अवरोध करणाऱ्या चेतापेशींचे प्रकार), असे एका लेखात आहे. दुसऱ्यात पार्व्हअल्ब्युमिन पेशींमुळेच दिशेची निवड (पेशीने ठरावीक दिशेलाच जास्त प्रतिसाद देणे) अधिक काटेकोर होते असे म्हटले आहे. खरे कोणते? आकृती आजच छापायला द्यायची आहे.

लष्करकर (ग्वाल्हेर): प्राणी कोणता, तो भुलीखाली होता की जागा, आणि पेशी किती वेळ चेतवल्या होत्या? एवढे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे हवेत बाण मारणे होय.

मांडवी (वडोदरा): आपण मुळापासून सुरुवात करावी. हॉर्सशू क्रॅब या नावापुरत्या खेकडा असलेल्या समुद्री प्राण्याच्या संयुक्त नेत्रातील एका घटकावर प्रकाश टाकला असता शेजारच्या घटकाचे आवेग (चेतापेशीचे विद्युत संकेत) कमी होतात, हे शास्त्रज्ञ हार्टलाइन यांनी दाखवले आणि १९६७ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. तेथे सरळ वजाबाकीच आहे.

लष्करकर: मांडवीसाहेब, तो खेकड्याचा डोळा आहे, प्रश्न कॉर्टेक्सचा आहे.

चिकित्सक_काका (इंदूर): श्रोत्यांना हर्मानची जाळी (काळ्या चौकोनांमधल्या पांढऱ्या रेघांची आकृती) दाखवा. रेघांच्या चौकात भासणारे करडे ठिपके म्हणजे दृष्टिपटलातील अवरोधच.

लष्करकर: काका, त्याच रेघा किंचित नागमोडी काढल्या की ठिपके नाहीसे होतात, त्यामुळे ते जुने स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

राजवाड्यामागे: उंदीर आहे, दोन्ही लेख २०१२ चे आहेत. आकृतीचे काय?

लष्करकर: हे आधीच सांगायचे होते. एखाद्या पेशीचा आवडत्या दिशेला प्रतिसाद ४० आणि नावडत्या दिशेला १० आवेग आहे असे धरा. दोनने भागल्यास २० आणि ५ उरतात, म्हणजे दिशेनुसार प्रतिसाद दाखवणाऱ्या वक्राची उंची घटते पण रुंदी तीच राहते. १० वजा केल्यास ३० आणि ० उरतात, म्हणजे पायथा कापला जाऊन वक्र अरुंद होतो. सोमॅटोस्टॅटिन पेशींचे काम मात्र कायम एकच नसते. त्यांचा आणि लक्ष्यपेशीचा प्रतिसाद वेळेच्या दृष्टीने किती जुळतो यावर ते वजाबाकीकडून भागाकाराकडे सरकते, असे २०१४ मध्ये दिसले. तेव्हा पेशीच्या नावाखाली गणिताचे चिन्ह छापूच नका.

मांडवी: तरीही खेकड्याची एक आकृती आधी घालावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

राजवाड्यामागे: दोन्ही वक्र शेजारी शेजारी काढतो. उभ्या अक्षावर आवेग प्रति सेकंद असे लिहिले तर चालेल ना?