शू शनच्या आधी चीनमध्ये कोश नव्हते?

शब्दपंढरी: काल इथे कोणीतरी ठोकून दिलं की चीनचा पहिला शब्दकोश म्हणजे हान काळातल्या शू शन या पंडिताचा ‘शुओवन जिएझ’, त्याआधी काहीच नाही. वाचून डोकं फिरलं. मग ‘अर्‍या’ कुठे गेला? तो चिनी शब्दसंग्रह इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आसपासचा. पहिलीच नोंद बघा: ओळीने अकरा शब्द आणि शेवटी एकच अर्थ, ‘आरंभ’. पुढे नाती, घरं, भांडी, डोंगर, मासे, पाळीव जनावरं अशी प्रकरणं. जुने ग्रंथ पुढच्या पिढ्यांना लागेनासे झाले, म्हणून ही टिपणं जमत गेली. कोश एकट्या पंडिताच्या डोक्यातून निघत नाहीत.

कारकून७७: ती पोस्ट माझी. समानार्थी शब्दांच्या याद्यांना कोश म्हणायचं तर खुशाल म्हणा. अनोळखी अक्षर ‘अर्‍या’त शोधणार कसं? शू शनने इ.स. 100 मध्ये 9,353 अक्षरं सामाईक घटकांनुसार 540 गटांत लावली, एकेकाची घडण सांगितली.

तैपेईकर: त्या 540 गटांत एक अक्षर शोधताना माझी अख्खी संध्याकाळ गेलीय. आणि घडण? ‘वेइ’, म्हणजे ‘करणे’, हे अक्षर शू शनच्या मते माकड! 1899 पासून उजेडात आलेल्या, शकुन पाहायच्या हाडांवरच्या प्राचीन लेखांत तिथे चक्क हत्ती आहे, सोंडेशी माणसाचा हात.

कारकून७७: ती हाडं त्याच्या काळी जमिनीखाली होती! त्याच्यासमोर होतं ते छिन राजवटीतलं घोटीव लिपीवळण, त्यावरून हत्ती कोणाला दिसला असता?

तैपेईकर: जे ठाऊक नाही ते कोरं सोडलंय, असं शेवटच्या प्रकरणात तोच लिहितो. मग इथे का नाही सोडलं?

बोलीभाषक: हत्ती-माकड पुरे. यांग श्युंगचं नाव कोणी काढणार आहे का? राजधानीत आलेल्या शिपायांना, अधिकाऱ्यांना गाठून, हातात तेल लावलेलं रेशमी कापड घेऊन तो 27 वर्षं विचारत राहिला, तुमच्याकडे याला काय म्हणतात? शू शनच्या शंभरेक वर्षं आधी! माझ्या आजोळची बोली शाळेत ‘अशुद्ध’ म्हणून खोडली गेली. तिथे असं विचारायला कोणीही आलं नाही.

शब्दपंढरी: यांग श्युंगचा बोलींचा कोश, ‘फांगयान’, राहिलाच होता. म्हणजे शू शनआधीचे दोन झाले, कारकून.

कारकून७७: बरं, ‘पहिला अक्षरकोश’ म्हणतो. त्याखाली उतरणार नाही. आणि तैपेईकर, ग्रंथ पुरा होऊन 21 वर्षांनी, 121 मध्ये, शू शन आजारी असताना त्याच्या मुलाने तो दरबारात नेऊन दिला. एका माकडावरून त्या माणसाला निकालात काढू नका.

तैपेईकर: निकालात काढत नाही. माकड मात्र चूकच.