मेरी गॅरेट: दान देताना अट घालणं चूक की बरोबर?

निळी शाई
गेले पंधरा दिवस मी मेरी एलिझाबेथ गॅरेट या बाईबद्दल मिळेल ते वाचतेय आणि आता राहवत नाही म्हणून धागा काढतेय. माझं मत आधीच सांगून टाकते, तिने पैसे देताना ज्या अटी घातल्या त्या घातल्या हेच बरोबर केलं, आणि तिच्यावर जबरदस्तीचं दान केल्याचा जो ठपका ठेवतात तो मला अजिबात पटत नाही.

थोडक्यात बाई कोण ते. जन्म १८५४, बॉल्टिमोर. वडील जॉन वर्क गॅरेट, बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे अध्यक्ष, १८५८ पासून मरेपर्यंत. दोन भाऊ, रॉबर्ट आणि हॅरिसन, दोघेही प्रिन्स्टनला शिकले. ही धाकटी, कॉलेजात गेलीच नाही कारण पाठवलंच नाही. पण वडिलांची सेक्रेटरी म्हणून त्यांच्यासोबत सगळीकडे हिंडली, त्यांची पत्रं लिहिली, मॉर्गन-कार्नेगीसारख्या बड्या धनाढ्य लोकांचे व्यवहार जवळून बघितले. वडील म्हणे लोकांसमोर म्हणायचे की मेरी मुलगा असती तर बरं झालं असतं. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ. कारण ते कौतुक म्हणून म्हटलं जायचं आणि आपल्याकडेही किती घरांत मी हे ऐकलंय, पोरगी हुशार निघाली की बाप हेच म्हणतो आणि त्याला वाटतं आपण तिला शाबासकी दिली.

१८८३ ला आई घोडागाडीच्या अपघातात गेली, १८८४ ला वडील गेले, इस्टेटीचा तिसरा हिस्सा हिच्या नावावर, जवळपास वीस लाख डॉलर. तेव्हाचे. रॉबर्ट रेल्वेचा अध्यक्ष झाला पण तीन वर्षांत पद सोडावं लागलं, पुढे मानसिक आजाराने खचला आणि १८९६ ला वारला. हॅरिसन १८८८ मध्ये बोट धडकून बुडाला. म्हणजे ज्या मुलांवर सगळी भिस्त होती ते असे गेले आणि घराण्याचं नाव टिकवलं ते लग्न न केलेल्या मुलीने.

आता मुख्य गोष्ट. जॉन्स हॉपकिन्स या व्यापाऱ्याने मरताना सत्तर लाख डॉलर ठेवले होते, निम्मे हॉस्पिटलला निम्मे युनिव्हर्सिटीला. युनिव्हर्सिटीचा वाटा बराचसा याच रेल्वेच्या शेअर्समध्ये. रेल्वेची हालत बिघडली, डिव्हिडंड बंद झाला, आणि मेडिकल स्कूल रखडलं. हॉस्पिटल १८८९ ला सुरू झालं, मोठमोठे डॉक्टर आणून बसवले, पण शिकवायला शाळाच नाही. तेव्हा मेरी आणि तिच्या मैत्रिणींनी (बऱ्याच जणींचे वडील त्याच विश्वस्त मंडळावर!) देशभर वर्गणी फिरवून १८९० ला एक लाख डॉलर जमवले, त्यातलेही जवळजवळ निम्मे हिचेच, आणि म्हणाल्या घ्या, पण बायकांना पुरुषांइतक्याच हक्काने प्रवेश द्या. विश्वस्त म्हणाले पाच लाख झाल्याशिवाय उघडता येणार नाही. दोन वर्षं पैसे काही जमेनात. मग १८९२ च्या डिसेंबरात हिने एकटीने ३,०६,९७७ डॉलर देऊन आकडा पुरा केला. आणि अटी लेखी. स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश, बक्षिसं आणि मानही तसेच. प्रवेशाला आधी पदवी हवी, विज्ञान झालेलं हवं, फ्रेंच-जर्मन यायला हवं. मोडलंत तर पैसे परत.

१८९३ च्या ऑक्टोबरात शाळा सुरू झाली, अठरा विद्यार्थी, त्यात तीन बायका. बोला आता, चुकली का ती?

मालगाडी
चुकली की नाही ते नंतर, आधी पैसे कुणाचे ते बोलू. माझी चौतीस वर्षं रेल्वेत गेली, त्यामुळे हा विषय मला पुस्तकातला वाटत नाही. १८७७ च्या जुलैत याच बॉल्टिमोर अँड ओहायो कंपनीने मंदीच्या नावाखाली मजुरी दहा टक्के कापली, आधीही कापलेली होतीच. वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला गाड्या अडवल्या पोरांनी आणि तिथून तो संप शिकागो, सेंट लुईसपर्यंत पसरला. या जॉन गॅरेट साहेबांनी थेट राष्ट्राध्यक्ष हेज यांच्याकडे फौज मागितली. २० जुलैला बॉल्टिमोरच्या रस्त्यावर मिलिशियाने गोळ्या झाडल्या, दहाच्या आसपास माणसं मेली. मेरी तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि तुम्हीच म्हणताय की वडिलांची पत्रं तीच लिहायची.

ब्रेकमनचं काम काय असतं माहितीये का, तेव्हा चालत्या मालगाडीच्या टपावरून पळत जाऊन हाताने ब्रेक फिरवायचे, पावसात, बर्फात. हातपाय जायचे लोकांचे. त्यांच्या घामाचे पैसे, आणि अट घालणार कोण तर मालकाची मुलगी. त्या अटींत रेल्वे कामगाराच्या मुलीसाठी एक ओळ आहे का? पदवी हवी, फ्रेंच हवं, जर्मन हवं. कोण शिकणार हे सगळं?

कण्हेर
मालगाडी काका, संपाचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे आणि ते लपवू नयेच. पण अटींबद्दल मी डॉक्टर म्हणून बोलते. त्या काळात अमेरिकेत मेडिकलचं शिक्षण म्हणजे काय होतं, कित्येक ठिकाणी दोन टर्म लेक्चरं ऐकायची, फी भरायची, डिग्री घ्यायची. पेशंटला हात न लावता डॉक्टर झालेली माणसं होती. जिच्या पोटावर सुरी चालणार ती गरीब बाईच असायची बहुतेक. कडक प्रवेशाचा फायदा तिला झाला.

आणि या अटी बाईंनी हवेतून काढल्या नव्हत्या. विल्यम वेल्च या तिथल्याच प्राध्यापकाने आदर्श मेडिकल स्कूल कसं असावं ते कागदावर मांडून ठेवलं होतं, तिने तोच कागद त्यांच्यासमोर धरला. मग हेच लोक घाबरले की असे विद्यार्थी मिळणार कुठून. तिथलाच दुसरा नावाजलेला डॉक्टर ऑस्लर वेल्चला म्हणाला होता की आपण दोघं प्राध्यापक म्हणून आत आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून आपल्याला कुणी घेतलं नसतं. आम्हाला ऑस्लरचं नाव पहिल्या वर्षापासून ऐकवतात. गॅरेटचं नाव मी पन्नाशीत, आज, या धाग्यावर ऐकतेय, याचं मला फार वाईट वाटलं.

रीड-स्टर्नबर्ग सेल आम्ही सगळ्यांनी पाठ केल्यात, हॉजकिन्स नावाच्या कॅन्सरमध्ये दिसणाऱ्या पेशी. त्यातली डोरोथी रीड १९०० ला तिथूनच पास झाली. फ्लॉरेन्स सेबिनही त्याच वर्षी, पुढे १९१७ ला ती तिथे पहिली स्त्री प्रोफेसर झाली. ही दारं कुणीतरी उघडून घेतली म्हणून हे झालं.

पाटीपेन्सिल
मी पूर्ण असहमत. आणि माझा मुद्दा आपल्या घरचाच आहे.

आनंदीबाई जोशी. १८८३ ला अमेरिकेत गेल्या, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्यांच्याकडे पदवी होती का? मॅट्रिकसुद्धा नव्हती. नवऱ्याने घरी शिकवलेलं, मिशनची शाळा थोडीफार, आणि प्रचंड जिद्द. डीन रेचेल बॉडली यांनी ती जिद्द बघून प्रवेश दिला. आता मला सांगा, गॅरेटबाईंच्या अटी फिलाडेल्फियात असत्या तर आनंदीबाई कुठे असत्या? दारातून परत. फ्रेंच येतं का, जर्मन येतं का, बी.ए. कुठून केलं. कल्याणच्या मुलीला.

बायकांसाठी बायकांनी काढलेली कॉलेजं आधीपासून होती, गरीब, परदेशी, अर्धवट शिकलेल्या अशा सगळ्यांना आत घेणारी. मोठ्या कॉलेजांनी बायका घ्यायला सुरुवात केल्यावर त्यातली एकेक बंद होत गेली. न्यूयॉर्कचं, ब्लॅकवेल बहिणींचं कॉलेज १८९९ ला बंद झालं कारण कॉर्नेलने मुली घेतल्या. तिथे निदान शिकवणाऱ्या, चालवणाऱ्या बायका होत्या. हॉपकिन्समध्ये बायका आल्या त्या फक्त बाकावर, खुर्चीवर पुरुषच. फ्लॉरेन्स सेबिनला प्रोफेसर व्हायला शाळा उघडल्यापासून चोवीस वर्षं लागली, हे कण्हेर यांनीच वर लिहिलंय.

पुढचंही बघा. १९१० ला अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची पाहणी करून लिहिलेला फ्लेक्सनरचा रिपोर्ट आला, त्यात हॉपकिन्स हा नमुना धरला आणि बाकीच्यांना त्याच मापाने मोजलं. कृष्णवर्णीयांची सात मेडिकल कॉलेजं होती, त्यातली पाच गेली, हॉवर्ड आणि मेहॅरी दोनच उरली. बायकांचं प्रमाणही नंतर घसरलंच. उंच उंबरठा म्हणतात तो असा असतो, तुम्ही ओलांडून आत गेलात की तुम्हाला तो दिसत नाही.

निळी शाई
पाटीपेन्सिल, आनंदीबाईंचा मुद्दा वाचून मी रात्रभर विचार करत होते. खरंय, त्यांना प्रवेश मिळाला नसता. याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते ओढूनताणून देणारही नाही.

पण फ्लेक्सनरचं पाप गॅरेटच्या माथी मारू नका. अठरा वर्षांनंतर कुणीतरी माप घेऊन गावोगाव फिरेल आणि गरिबांची कॉलेजं बंद करेल हे तिने कसं ओळखायचं? आणि अट घालायची नाही तर काय करायचं ते तरी सांगा. तिला मतदानाचा हक्क नव्हता. विश्वस्त मंडळावर जागा नव्हती. केरी थॉमस, तिची मैत्रीण, स्वतःचे वडील विश्वस्त असून हॉपकिन्समध्ये वर्गात बसू दिलं नाही म्हणून शेवटी युरोपात जाऊन झुरिकला पीएचडी करून आली, १८८२ ला. विनंत्या करून झाल्या होत्या. हातात एकच गोष्ट होती, पैसा, तोही बापाचा, तोही बाप गेला म्हणून मिळालेला. तो नुसता देऊन टाकला असता तर मेडिकल स्कूल फक्त पुरुषांचं झालं असतं आणि वर हिचे आभार मानले असते.

दूरदेशी
मी बॉल्टिमोरपासून तासाभरावर राहते. हॉपकिन्सच्या वेल्च लायब्ररीत सार्जंटने काढलेलं चार डॉक्टरांचं भलंमोठं चित्र आहे, वेल्च, ऑस्लर, हाल्स्टेड, केली. ते चित्र काढून घेतलं मेरी गॅरेटनेच, पैसे तिचे. तिचं स्वतःचंही एक आहे, त्याच चित्रकाराचं, १९०४ चं. काळे कपडे, तोंडावर हसू नाही. पाहुणे आले की मी दोन्ही दाखवायला नेते आणि सगळे चौघांसमोर थांबतात.

पण इथे राहून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. अटीत पुरुष आणि स्त्री होतं, कातडीच्या रंगाबद्दल काही नव्हतं. त्या हॉस्पिटलच्या आजूबाजूची वस्ती काळ्या लोकांची, आणि मेडिकल स्कूलमधून पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी १९६७ ला पदवी घेऊन बाहेर पडले. केरी थॉमसची वंशाबद्दलची मतं तर वाईटच होती, ज्यूंबद्दलही, ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजने म्हणूनच लायब्ररीला तिचं नाव वापरणं बंद केलं. आणि याच थॉमसला त्या ब्रिन मॉरची अध्यक्ष करा, मग मी दरवर्षी दहा हजार डॉलर देते, असं मेरीनेच सांगितलं होतं. शेवटची वर्षं दोघी एकत्र राहिल्या आणि १९१५ ला मेरी गेली तेव्हा इस्टेट थॉमसकडे गेली. म्हणजे तिच्या अटीचा हात कुणाकुणापर्यंत पोचला आणि कुणापर्यंत नाही हे दोन्ही बघायला पाहिजे. मला ती आवडते. तरी हे सांगणं भाग आहे.

मालगाडी
दूरदेशी यांनी जे लिहिलं तेच मी म्हणत होतो, ज्याच्या हातात पैसा तो स्वतःला जेवढं दिसतं तेवढंच मागतो. तिला बाई म्हणून झालेला अन्याय दिसला कारण तो तिच्यावर झाला होता. १९०६ ला बॉल्टिमोरला मताधिकारवाल्या बायकांचं अधिवेशन भरलं तेव्हा सुझन अँथनी हिच्याच घरी उतरल्या, आणि चळवळीसाठी साठ हजार डॉलर उभे करायचं काम हिने आणि थॉमसने घेतलं, ते मोठंच काम. पण ब्रेकमनच्या विधवेसाठी काही केल्याचं मला कुठे सापडलं नाही. कुणाला सापडलं तर सांगा, मी मत बदलायला तयार आहे.

आडगाव
मी इथे सहसा फक्त वाचतो. पण ते "मोडलंत तर पैसे परत" वाचून लिहायला बसलो.

माझ्या आत्याने, बालविधवा होती, गावच्या शाळेला तिच्या वाटणीची सव्वा एकर जमीन दिली. १९७४ साल. अट एकच, मुलींसाठी संडास आधी बांधायचा, वर्गखोल्या मग. कारण तिला स्वतःला शाळा सोडावी लागली ती त्याच कारणाने, तिसरीत. सगळ्यांनी हो म्हटलं, हार घातला, फोटो काढला. वर्गखोल्या झाल्या, ऑफिस झालं, स्टेज झालं. संडास झाला नाही. ती दर पंधरा ऑगस्टला झेंड्याला जायची आणि हेडमास्तरांना विचारायची, ते म्हणायचे ताई यावर्षी नक्की. तिच्या कागदावर परत घेण्याचं कलम नव्हतं कारण दान दिलेलं परत मागणं म्हणजे पाप, असं तिला घरच्यांनीच, म्हणजे माझ्या वडिलांनी, समजावलं होतं. मी तेव्हा सहावीत होतो, ओसरीवर बसून ऐकत होतो.

मेरी गॅरेट श्रीमंत होती, कामगारांचा पैसा होता, सगळं मान्य. पण ते कलम लिहायला छाती लागते. वकील तिच्याकडे होता हे खरं, पण तिला समजावणारेही आजूबाजूला असतीलच.

पाटीपेन्सिल
आडगाव, तुमच्या आत्याची अट आणि गॅरेटची अट मला एका तराजूत घालता येत नाही. आत्यांची अट सगळ्यात मागे राहिलेल्या मुलीला आत आणणारी होती. गॅरेटची अट सगळ्यात पुढे असलेल्या मुलीला आत आणणारी होती. परत घेण्याच्या कलमाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, तेवढं मी मान्य करते. आधीच्या बाबतीत मी आनंदीबाईंना सोडून इकडे येऊ शकत नाही.

संडास पुढे झाला का?

आडगाव
झाला. १९९८ ला, सरकारी योजनेतून. आत्या ९१ ला गेली.