पावसात व्हर्सायचा राजवाडा पाहावा का?

प्रश्न (ग्वाल्हेर): पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन पॅरिसला जात आहोत आणि व्हर्सायसाठी एकच दिवस हाताशी आहे. त्या दिवशी पाऊस लागला, तर जावे का?

उत्तर: अवश्य जा. फक्त सोमवार टाळा, कारण त्या दिवशी राजवाडा बंद असतो. आम्ही गेलो तेव्हा दिवसभर झड लागली होती, तरी ७३ मीटर लांबीच्या आरसे महालात बागेकडच्या १७ खिडक्यांतून येणारा राखाडी उजेड समोरच्या ३५७ आरशांत असा पसरला होता, की आई बराच वेळ जागची हललीच नाही.

उत्तर: प्रवेशाच्या चौकातील दगडी फरसबंदी पावसात निसरडी होते, बाबांचा हात धरा. जाण्यापूर्वी आपल्या ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील झुंबरे त्यांना पुन्हा दाखवा, म्हणजे तिथली ते अधिक निरखून पाहतील.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. बुधवारचीच तिकिटे काढते.