खिडक्यांचे सांधे: मेमध्ये भरायचे की नोव्हेंबरात?

(चँडलर, ॲरिझोना. एका गल्लीतल्या मराठी घरांचा ग्रुप. मेचा शेवटचा शनिवार.)

नेहा, सकाळी ७:१२
मंडळी, सल्ला हवाय. हॉलच्या पश्चिमेकडच्या मोठ्या खिडकीभोवतीचा सीलंट, म्हणजे चौकट आणि भिंतीमधल्या फटीत भरलेला माल, पार गेलाय. नखाने ओढला की पट्टीच्या पट्टी हातात येते. गेल्या जुलैच्या वादळात खालच्या कोपऱ्यातून पाणी आलं होतं, तेव्हा टॉवेल लावून भागवलं. आता एक जण सगळ्या खिडक्या, दारं, गॅरेज मिळून १,८५० डॉलर सांगतोय. पुढच्या आठवड्यात दोन दिवसांत उरकतो म्हणाला. माल 'लाइफटाइम' आहे म्हणे. देऊ का काम?
[फोटो]
[फोटो]

सुजय, ७:१५
लाइफटाइम कोणाचं? घराचं, तुझं की ट्यूबचं? 😀

अपर्णाताई, ७:१८
सुजय, चहा तरी होऊ दे. नेहा, आमचंही तसंच आहे गं. २००४ चं घर, बिल्डरने भरलेलं तेच अजून. मुलीने परवा विचारलं, आई ही खिडकीची पापडी का निघते.

मिलिंददादा, ७:३१
फोटो मोठा करून बघितला. दोन दुखणी दिसतात. वरच्या बाजूला सीलंट भिंतीपासून सुटलाय, म्हणजे तिथे तो कधी नीट चिकटलाच नव्हता. बहुतेक धुळीवरच लावला असणार. डाव्या बाजूला दोन्हीकडे धरून आहे पण मधून फाटलाय. ते मालाचं दुखणं, ताण झेपला नाही. पेंटर लोक वापरतात ते ॲक्रिलिक वाटतंय. खोलीच्या आत बेसबोर्डला ते छान. पश्चिमेच्या भिंतीवर आपल्याकडे त्याचं लवकर लाकूड होतं.

नेहा, ७:३३
पण ताण कसला? खिडकी तर जागची हलत नाही.

मिलिंददादा, ७:४६
हलते. रोज हलते. तुझी चौकट व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसी. साधारण ६ फूट रुंद असेल. जानेवारीच्या पहाटे ३५ फॅरनहाइट आणि जुलैत दुपारी चारला उन्हातली चौकट १४० च्या घरात. मोकळी सोडली तर एवढ्या फरकात ती ६ मिलिमीटरच्या आसपास वाढेल. शेजारचा स्टक्को, म्हणजे भिंतीचं बाहेरचं सिमेंटचं प्लास्टर, तेवढ्याच लांबीत जेमतेम १. हा जो मधला फरक, तो सगळा त्या बारक्या सीलंटने सहन करायचा. दिवसा दाबला जातो, रात्री ताणला जातो, आणि हे वर्षानुवर्षं. २०२३ मध्ये फीनिक्सला सलग ३१ दिवस ११० किंवा त्याच्या वर होतं, आठवतंय ना?

नेहाचे बाबा, ७:५०
सर्वांना नमस्कार. १४० म्हणजे सेल्सियसमध्ये किती ते कृपया लिहीत जावे.

मिलिंददादा, ७:५१
६०, काका.

नेहाचे बाबा, ७:५८
धन्यवाद. नागपूरला आम्ही ४६ बघितले आहे, पण ते हवेचे. पत्र्याला हात लावायची सोय नसे हे खरे. पीडब्ल्यूडीत असताना लाकडी खिडक्यांच्या काचांना लांबी (पुट्टी) लावून घेत असू. खडूची भुकटी आणि जवसाचे तेल. तेल सुकले की तडकलीच म्हणून समजा. दर काही वर्षांनी खरवडून नवी भरायची, त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. 'लाइफटाइम' हा शब्द टेंडरमध्ये मी कधी पाहिला नाही.

सुजय, ८:००
काका 🙏🙏

मिलिंददादा, ८:०९
नेहा, त्या माणसाला तीन गोष्टी विचार. जुना माल पूर्ण काढणार का? आत बॅकर रॉड घालणार का? ट्यूबवर एएसटीएम सी ९२० (सीलंटचं अमेरिकन मानक) आणि क्लास किती लिहिलाय? क्लास २५ म्हणजे १० मिलिमीटरचा सांधा अडीच मिलिमीटर उघडला किंवा मिटला तरी माल टिकला पाहिजे. ५० असेल तर पाच. लाइफटाइमपेक्षा हा आकडा कामाचा.

नेहा, ८:११
पहिल्याचं उत्तर माहीत आहे. 'जुन्यावरूनच नवा छान बीड (सीलंटची पट्टी) मारतो, काढायला गेलो तर स्टक्को तुटेल' असं म्हणाला होता.

मिलिंददादा, ८:१२
मग संपलं. जो जुना स्वतः सुटलाय त्याच्या पाठीवर नवा बसवणार. आणि कुठे आधी कोणी सिलिकोन लावला असेल तर त्यावर सिलिकोनशिवाय काही म्हणजे काही धरत नाही. रंगसुद्धा नाही.

वर्षा, ८:२०
बॅकर रॉड म्हणजे ती फोमची राखाडी दोरी ना? आमच्याकडच्या माणसाने घातली होती. मला वाटलं माल वाचवतोय.

मिलिंददादा, ८:२७
माल वाचतो हे खरं, पण कारण दुसरं आहे. सीलंट फटीच्या दोन बाजूंनाच चिकटायला हवा, तळाला नाही. तळालाही चिकटला तर त्याला ताणायला मोकळीकच उरत नाही, मधून फाटतो. रॉडला तो चिकटत नाही म्हणून रॉड. शिवाय खोली आटोक्यात राहते, रुंदीच्या निम्मी पुरे. जाड थापला म्हणजे पक्का झाला असं नसतं.

अपर्णाताई, ८:३०
म्हणजे काखेत घट्ट शिवलेल्या ब्लाउजसारखं. हात वर केला की उसवला.

मिलिंददादा, ८:३१
ताई, साइटवर इतकी वर्षं इंजिनीअरांना हेच समजावतोय, हे उदाहरण कधी सुचलं नाही.

वर्षा, ८:४४
नेहा, लायसन्स बघितलंस का? इथे मजुरी आणि सामान मिळून १,००० डॉलरच्या आतलं, परमिट न लागणारं काम हँडीमन बिनलायसन्सचा करू शकतो. वरचं असेल तर रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्सचं लायसन्स लागतं. त्यांच्या साइटवर नंबर टाकला की तक्रारीसुद्धा दिसतात.

नेहा, ८:४७
अगं तो स्वतःच म्हणाला, ९२५ ची दोन बिलं करू, तुम्हालाही सोपं.

वर्षा, ८:४८
एकच काम तोडून दोन बिलं केली तर ती सवलत लागू होत नाही. सोपं त्यालाच आहे.

सुजय, ९:०५
आता मीच माझी फजिती सांगतो, नाहीतर आमच्या घरातून कोणीतरी सांगेलच. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः सगळ्या खिडक्या सील केल्या. पेंटर्स टेप, ओल्या बोटाने फिनिशिंग, एकदम झकास. चौकटीच्या खालच्या बाजूला बाहेरून दोन बारीक खाचा दिसल्या. म्हटलं बिल्डरने सोडलेल्या दिसतात, भरून टाकू. पहिल्याच मान्सूनच्या वादळात आधी धुळीची भिंत आली, मग आडवा पाऊस. आणि खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी भरून आत कार्पेटवर! अर्ध्या तासात. मी बाहेर छत्री धरून आणखी सीलंट लावतोय. 🤦

मिलिंददादा, ९:०८
वीप होल बुजवलेस तू.

सुजय, ९:०९
हो. ट्रॅकमध्ये पाणी शिरणारच असतं आणि त्या भोकांतून ते बाहेर जातं, हे मला कार्पेट भिजल्यावर कळलं. टूथपिकने उकरली सगळी. अकरा खिडक्या, बावीस भोकं. बायको अजून 'भोकं मोजून ये' म्हणते.

मिलिंददादा, ९:१६
तसंच भिंतीच्या तळाशी. स्टक्को जिथे संपतो तिथे मातीपासून निदान ४ इंच वर पत्र्याची एक कड असते. वीप स्क्रीड. स्टक्कोच्या मागे गेलेलं पाणी तिथून खाली पडतं. ती फट बघून हौशी लोकांचे हात शिवशिवतात. तिला हात लावायचा नाही, आणि अंगणातली खडी-मातीही तिच्यापर्यंत चढू द्यायची नाही.

अपर्णाताई, ९:२२
पण दादा, विंचवांचं काय? आमच्याकडे मागच्या महिन्यात दोन निघाले, एक तर बाथरूमच्या पायपुसण्याखाली. पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, बार्क स्कॉर्पियनला इंचाचा सोळावा भाग पुरतो शिरायला. मी तर सगळं घर लिंपून घ्यायच्या बेतात आहे.

मिलिंददादा, ९:३०
लिंपा, पण योग्य जागी. एसीच्या तांब्याच्या नळ्या भिंतीत शिरतात तिथे, बाहेरच्या नळाभोवती, वायरी-केबल आत येतात तिथे, गॅरेजच्या दाराच्या कडेला. तिथे फवाऱ्याचा फोम मारून उघडा ठेवू नका, उन्हात पिवळा पडतो आणि भुगा होतो. पाण्याच्या वाटेवर बारीक स्टीलची जाळी चालते, सीलंट नाही. आणि रात्री यूव्ही टॉर्च घेऊन कुंपणाच्या भिंतीवर फिरा. विंचू हिरवट चमकतात, कुठून येतात ते दिसतं.

अपर्णाताई, ९:३१
ते तर मी बघायलाच नाही पाहिजे.

नेहा, ९:५०
बरं, मूळ मुद्दा. आत्ता करायचं की थांबायचं? १५ जूनला मान्सून धरतात ना इथे.

मिलिंददादा, १०:०६
हो, १५ जून ते ३० सप्टेंबर. माझं मत: सगळं घर आत्ता नको. कारण सांगतो. उन्हात तापलेल्या भिंतीवर पॉलियुरेथेन लावला तर त्यात बुडबुडे येतात. शिवाय पॉलियुरेथेन काय, सिलिकोन काय, हवेतला दमटपणा घेऊन पक्का होतो, आणि जूनमध्ये आपल्याकडे हवेत दमटपणा औषधालाही नसतो. वर साय धरते, आत दिवसेंदिवस मऊ. त्या मऊ अवस्थेत चौकट रोज त्याला दाबते-ओढते. अजून एक. भर उन्हाळ्याच्या दुपारी सांधा सगळ्यात मिटलेला असतो. तेव्हा भरलं तर हिवाळ्यात पूर्ण हालचाल एकाच दिशेने, ताणायची. नोव्हेंबरात मधली स्थिती असते, दोन्हीकडे थोडंथोडं वाटलं जातं.
पण ज्या खिडकीतून पाणी येतंय ती थांबवू नकोस. ती एवढ्यात कर.

नेहा, १०:०८
एकच? आणि कधी? दुपारी तर तिथे उभंही राहवत नाही.

मिलिंददादा, १०:१५
पश्चिमेची भिंत आहे, पहाटे साडेपाचपासून दुपारपर्यंत सावलीतच असते. आदल्या दिवशी खरवडून, ब्रशने धूळ काढून ठेवायची. पाणी मारलंस तर सुकायला एक दिवस दे. इथे धूळ हाच खरा शत्रू, तासाभरात परत बसते, म्हणून भरण्याआधी पुन्हा एकदा पुसायचं. ट्यूबवर पृष्ठभागाचं कमाल तापमान लिहिलेलं असतं, दुरूनच भिंतीचं तापमान मोजणारा आयआर थर्मामीटर माझ्याकडे आहे, घेऊन जा.
माल म्हणशील तर चौकट आणि स्टक्कोमध्ये मी न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारा) सिलिकोन घेतो. ऊन त्याचं फारसं वाकडं करत नाही. त्यावर रंग बसत नाही, म्हणून स्टक्कोच्या रंगाचाच घ्यायचा. धूळ मात्र धरतो, वर्षभरात तपकिरी रेघ दिसायला लागेल. ती चालत नसेल तर पॉलियुरेथेन आणि वरून रंग. मला रेघ चालते.

वर्षा, १०:१८
एचओएला (घरमालकांच्या सोसायटीला) चालते का विचार 😄

नेहाचे बाबा, १०:२४
खरवडण्याचे काम मी करू शकतो. येथे दिवसभर करायला काही नसते.

नेहा, १०:२५
बाबा, नाही.

नेहा, संध्याकाळी ६:४०
अपडेट. त्या माणसाला फोन केला. जुनं काढून, रॉड घालून फक्त दोन पश्चिमेच्या खिडक्या करशील का विचारलं. 'तेवढ्यासाठी परवडत नाही' म्हणाला. वर्षाने दिलेल्या दुसऱ्या नंबरवर बोलले. तो लायसन्सवाला आहे, गुरुवारी पहाटे येतोय, दोन खिडक्यांचे ३८० डॉलर. बाकीच्या घराचं नोव्हेंबरात बघून सांगतो म्हणाला. वीप होल सोडणार ना विचारलं तर हसला. म्हणाला, कोणी बुजवली होती का? मी सुजयचं नाव नाही सांगितलं.

सुजय, ६:४१
उपकार झाले.

नेहा, ६:५२
आणि मिलिंददादा, तुमचा थर्मामीटर न्यायला बाबा चालत निघालेत. टोपी घातली आहे. पाणी द्या त्यांना, आणि मुख्य म्हणजे खरवडणी देऊ नका.

मिलिंददादा, ७:०५
पोचले. खरवडणी खिशातच आहे त्यांच्या.