मदत हवी आहे: बाबांना फॅटी लिव्हरच्या ट्रायलमध्ये घालावं का?

बाबा ६१ वर्षांचे, दारूला कधी शिवले नाहीत, पण मधुमेह आहे. लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी ५८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स १ लाख ६५ हजार. वय आणि या आकड्यांवरून फिब-४ हा अंदाजाचा स्कोअर काढला तर २.६८ आला, २.६७ च्या वर म्हणजे फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रण पडून ते कडक होणं) बराच असण्याची शक्यता. फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) ११.२. डॉक्टरांनी नव्या औषधाच्या तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलबद्दल सुचवलंय.

अडलंय ते बायोप्सीपाशी. सुरुवातीला एक आणि वर्षभराने पुन्हा एक. उजव्या बरगड्यांमधून सुई घालून दोनेक सेंटिमीटरचा धाग्याएवढा तुकडा काढतात. एवढ्याशा तुकड्यावरून अख्ख्या लिव्हरचं कसं कळणार, हा बाबांचा प्रश्न, आणि तो मला चुकीचा वाटत नाही. शिवाय गोळी खरी की प्लासिबो (औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी), हे आम्हालाही कळणार नाही अन् डॉक्टरांनाही. रेस्मेटिरॉम या फॅटी लिव्हरवरच्या दुसऱ्या औषधाला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळालीय, मग वर्षभर प्लासिबोवर का राहायचं?

कुणाच्या घरचं माणूस अशा ट्रायलमध्ये होतं का? बायोप्सीनंतर किती दुखलं? मध्येच बाहेर पडता येतं असं संमतीपत्रात लिहिलंय (बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं), पण प्रत्यक्षात कुणी पडलंय का? आणि सही करण्याआधी डॉक्टरांना आणखी काय विचारू?